पितृपक्षातली बिअर

या ब्लॉगवर पुन्हा एकदा धूळ साचली होती. ती झटकायला निमित्त मिळालं आहे, आणि ते टाळून दुसऱ्याच कशावर तरी लिहिणं बरं दिसणार नाही.

झालं असं, की २० सप्टेंबर २०२५ला, शनिवारी, आमच्या घरच्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझा एक फोटो पडला. जावईबापूंनी काढला, लेकीनं टाकला. क्लीव्हलंडला त्यांच्या घरामागे लाकडी ओटा आहे, तिथे मी खुर्चीत बसले आहे, अंगावर लेकीचा स्वेटर, समोर चकल्यांची ताटली आणि हातात तांबूस बिअरचा ग्लास. चेहरा असा, की जणू वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला आहे!

भाचरांनी टाळ्या वाजवल्या, अंगठे दाखवले. एका भाच्यानं 'मावशी रॉक्स' असं लिहिलं (शुद्धलेखन बरोबर, मराठी चूक). वहिनींनी काहीच लिहिलं नाही, आणि वहिनी जेव्हा काहीच लिहीत नाहीत तेव्हा पुष्कळ काही लिहिलेलं असतं. धाकट्या बहिणीनं एकच ओळ टाकली : "ताई, पक्ष चालू आहे. उद्या सर्वपित्री. निदान अण्णांची तरी आठवण ठेवायचीस."

घरच्यांना ही ओळ लगेच कळली. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना मात्र सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते दारूनं गेले, १९७१ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी.

हे वाक्य मी आज आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. आम्ही आजवर 'पोटाच्या विकारानं गेले' असंच सांगत आलो. माझं लग्न ठरताना सासरीही हेच सांगितलं होतं. यजमानांना खरं काय ते लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही माझ्या तोंडून नाही.

असो. अण्णांकडे येतेच, पण आधी त्या ग्लासाबद्दल. नाहीतर बिअर म्हणजे बिअर, त्यात काय सांगायचं, असं वाटायचं. मलाही तसंच वाटत होतं.

या बिअरचं जर्मन नाव मेर्त्सन, म्हणजे मार्चची. नाव मार्चचं आणि प्यायची सप्टेंबर-ऑक्टोबरात! याचं कारण जावईबापूंनी सांगितलं तेव्हा मला आपल्या चैत्र-वैशाखातल्या गच्च्या आठवल्या. १५५३ साली बव्हेरियात असा हुकूम निघाला, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात कोणी बिअर गाळायची नाही. उन्हाळ्याच्या उष्म्यात नको ते जंतू शिरून बिअर आंबायची, नासायची. तेव्हा उन्हाळ्याआधी मार्चमध्येच जरा कडक बिअर भरपूर करून ठेवायची, तळघरात पिंपं भरायची, हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेला बर्फ त्यांच्याभोवती रचायचा. तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. (त्या सावलीत लोक बसायला लागले आणि त्यातून बिअर गार्डन निघाली.) उन्हाळाभर ही बिअर पुरवून वापरायची आणि नवा हंगाम आला, की उरलेली पिंपं रिकामी करायची. हा हुकूम पुढे १८५०मध्ये उठला.

म्हणजे बेगमीच की हो! आपण पापड-कुरडया घालतो, मिरच्या वाळवतो, साखरांबा मुरायला ठेवतो, तसंच. लागर हा शब्दसुद्धा जर्मन, त्याचा अर्थच साठवण, कोठार. ही बिअर थंडाव्यात सावकाश आंबते आणि पुढे कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या आसपास नुसती मुरत पडते. आज यंत्रांनी बाराही महिने थंडावा करता येतो, तरी चांगले करणारे ही मुरवण टाळत नाहीत.

या बिअरचं आजचं तांबूस रूप मात्र एवढं जुनं नाही. आधीची मार्चची बिअर गडद तपकिरी असायची. म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंतोन ड्रेहर हे दोघे १८३३मध्ये इंग्लंडला जाऊन तिथल्या युक्त्या शिकून आले. शिकून आले म्हणजे काय, पोकळ काठीतून नमुने चोरून आणले अशी गोष्ट सांगतात! कॉपी पकडण्यात उभं आयुष्य गेलेल्या मला या दोघांचा राग यायला हवा होता, पण हसू आलं. १८४१मध्ये दोघांनी आपापल्या गावी नवी लागर काढली, व्हिएन्नाची आणि म्युनिकची. ऑक्टोबरफेस्ट त्याआधीचा. १८१०च्या ऑक्टोबरात युवराज लुडविगचं राजकन्या टेरेजाशी लग्न झालं, त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली आणि ती दरवर्षी होऊ लागली. तांबूस बिअर त्या जत्रेत रुळली ती १८७२नंतर.

आता गंमत बघा. आज म्युनिकच्या त्या मंडपांत बहुतेक फिकट सोनेरी, जराशी हलकी बिअर मिळते, एक-एक लिटरच्या मगांतून. तांबूस मेर्त्सन जिवंत ठेवली आहे ती मुख्यतः अमेरिकेतल्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांनी. (पुण्यातल्या पैठण्या कपाटात आणि अमेरिकेतल्या अधिवेशनात नऊवारीच्या रांगा, तसंच काहीसं.)

आमची बाटली क्लीव्हलंडच्याच ग्रेट लेक्स ब्रुइंगची. दोघा भावांनी १९८८मध्ये सुरू केली, त्या वेळी सगळ्या गावात एकही ब्रुअरी उरली नव्हती म्हणे. वेस्ट साइड मार्केट म्हणून १९१२ सालचं घड्याळाच्या मनोऱ्याचं मोठं मार्केट आहे, त्याच्याजवळच ती आहे. भाजी घ्यायला म्हणून गेलो आणि तिथेही डोकावलो. तिथल्या जुन्या लाकडी बारवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात आणि त्यांचा संबंध एलियट नेसशी जोडतात. हा दारूबंदीच्या काळातला प्रसिद्ध अधिकारी. त्याच्या नावाची एक बिअरसुद्धा यांच्याकडे आहे! दारूबंदी अधिकाऱ्याच्या नावाची बिअर. अमेरिकेत दारूबंदी होती १९२० ते १९३३. आपल्याकडे मुंबई राज्याचा कायदा १९४९चा, आणि तो नाव बदलून आजही आहे. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे कायद्याच्या पुस्तकात अजून तसंच आहे. परवाना किती जणांकडे असतो ते तुम्हाला ठाऊक.

चवीबद्दल सांगते. जावईबापूंनी बाटली फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढून ठेवली होती, फार गार असली की चव कळत नाही म्हणून. मी नाकाशी नेली आणि घाबरतच वास घेतला. कारण एक वास माझ्या डोक्यात साठ वर्षं बसलेला आहे. तो आला नाही. आला तो भाजणीचा! आई चकलीची भाजणी भाजायची तेव्हा घरभर पसरायचा तो खमंग वास, आणि त्यामागे पावाच्या कडेचा. मला नवल वाटलं, पण त्यात नवल काही नाही. माल्ट म्हणजे तरी काय? सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच करतो. लेकीसाठी मी ते स्वतः करत असे. या बिअरसाठीचा माल्ट जरा जास्त भाजतात, म्हणून तो तांबूस रंग. घोट आधी किंचित गोडसर लागतो, मग ती गोडी निघून जाते आणि शेवटी जिभेवर हलका कडूपणा राहतो, भाजलेल्या मेथीदाण्यासारखा. चकलीशी फार छान जुळते. हे मी घरच्या चकलीबद्दल बोलते आहे. परदेशी दुकानातल्या पाकिटातल्या चकलीची खात्री देत नाही.

मी अर्धी बाटली घेतली आणि त्याला पाऊण तास लावला. ही बिअर साडेसहा टक्क्यांची आहे, म्हणजे साध्या बिअरपेक्षा कडकच. कानशिलं जरा गरम झाली. बाकी काही नाही.

आता हा ग्लास माझ्या हातात आला कसा? जावई पितात हे मला लग्नापासून ठाऊक आहे. आठवड्याकाठी एखादी बिअर, कधी मित्र आले तर दुसरी. स्वतः घरी बिअर करण्याचाही त्यांना नाद आहे. पण गेली अठरा वर्षं मी इथे आले, की त्यांच्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधून गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये जायच्या. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. कोणी कधी काही बोललं नाही, आणि मी मनात म्हणायचे, जावई किती मान राखतात!

यंदा अकरा वर्षांच्या नातीनं जेवताना विचारलं, "आज्जी, तू आलीस की बाबा गॅरेजमध्ये का जातो?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण मी अकरा वर्षांची असताना हाच प्रश्न मला पडायचा. अण्णा रोज दिवेलागणीला परड्याच्या दारानं कुठे जातात? तो दारूबंदीचा काळ. हातभट्टीची मिळायची ओढ्यापलीकडे. अण्णा उभ्याउभ्या, अंधारात, पोटात अन्नाचा कण नसताना, कोणी पाहायच्या आत ती घशाखाली लोटत. मी दोनदा त्यांना बोलवायला गेले आहे, म्हणून पाहिलं आहे. चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. आई म्हणायची, "त्यांची तब्येत बरी नाही." आम्ही बहिणी शेजारी तेच सांगायचो. आई पगाराचे पैसे हरभऱ्याच्या डब्यात लपवायची, अण्णा शोधून काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही काही झालंच नाही असं वागायचे. अण्णा वाईट नव्हते हो. मला अक्षर त्यांनी लावलं. बोरूनं पाटीवर 'क' काढताना माझा हात हातात धरायचे, तो हात सकाळी कापायचा. मला वाटायचं, अक्षराला वळण देताना हात असाच हलवायचा असतो.

दारूनं आमचं घर पोखरलं, यात शंका नाही. पण त्या गोष्टीला नाव न देण्यानंही पोखरलं, असं आता मला वाटतं. त्यांचा हात धरून 'अण्णा, तुम्हाला दारूचं व्यसन लागलं आहे' असं म्हणणारं एक माणूस घरात नव्हतं. म्हटल्यानं ते सुटले असते असा माझा दावा नाही. पण ते एकटे तरी गेले नसते.

आणि यात मी नुसती बघी नव्हे. ही गोष्ट सांगायला मला जड जातं आहे, पण सांगते. १९९४मध्ये आठवीच्या एका मुलानं 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहिला. त्यात लिहिलं होतं, की वडील दारू पितात, मग आई आम्हाला घेऊन शेजारी झोपायला जाते, पण ज्या दिवशी पीत नाहीत त्या दिवशी ते पिठलं फार चांगलं करतात. मी त्याखाली लाल शाईनं लिहिलं : 'घरातल्या गोष्टी निबंधात लिहू नयेत.' दहापैकी चार गुण दिले. पुढच्या वेळी त्यानं गाइडातला निबंध उतरवला, 'माझे वडील माझे आदर्श', आणि मी आठ दिले. मला तेव्हाही कळत होतं, की मी व्याकरणाचे गुण कापत नव्हते. मला जे लिहिता आलं नाही ते त्यानं लिहिलं होतं, म्हणून कापले. असा निबंध मला तीस वर्षांच्या नोकरीत दुसरा मिळाला नाही. व्यसनमुक्तीवरचे मात्र शेकड्यांनी तपासले, सगळे एकाच साच्याचे.

तर नातीच्या प्रश्नावर मी जावईबापूंना म्हटलं, "आता गॅरेज पुरे. इथे टेबलावर आणा. आणि मलाही थोडी द्या." लेक माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला खरंच हवी आहे, की बाबाला बरं वाटावं म्हणून?" दोन्ही, असं म्हटलं. खरं तर भीतीही होती. अण्णांचं रक्त आहे अंगात. म्हातारपणी ओढ लागली तर? त्यासाठीच तर पंचाहत्तरीच्या तोंडाशी येईपर्यंत शिवले नव्हते.

कोणी असं समजू नये, की मी प्या म्हणून सांगते आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. 'थोडी घेतलेली हृदयाला चांगली' वगैरे जे पाठवतात त्यांनी पाठवू नये. हातभट्टीत जे होतं तेच मद्य या सुंदर तांबूस ग्लासातही आहे. भाजणीचा वास आला म्हणून ते सत्त्व होत नाही. ज्यानं कष्टानं सोडली आहे त्याच्यासमोर तर ही बाटली उघडूही नये. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या घरांत या बाबतीत दोनच खोल्या आहेत. एक देवघर आणि एक गॅरेज. मधे बसायची खोलीच नाही. जो पीत नाही त्याला बोलायचं नसतं, जो पितो त्याला लपायचं असतं, आणि पोरं दाराच्या फटीतून शिकतात. टेबलावर उजेडात, खाण्याबरोबर, चव घेत, पोरांदेखत, आणि मुख्य म्हणजे 'आता बास' हे सगळ्यांसमोर म्हणत प्यायलेली बिअर नातीनं पाहिली तर तिला मर्यादाही दिसते. आणि उद्या कोणाची मर्यादा सुटली, तर तेही तिला दिसेल आणि बोलता येईल. तिनं त्या संध्याकाळी विचारलंच, "आज्जी, तुझे बाबा पण बिअर प्यायचे?" मी तिला खरं सांगितलं. तिच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरं.

राहिला पक्षाचा प्रश्न. मला हे सुचलंच नव्हतं असं नाही. शनिवारी तिकडे म्युनिकला पहिलं पिंप फोडणार, म्हणून जावयांनी तो दिवस धरला होता, आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री हे मला ठाऊक होतं. रविवारी मी खीर-वडे केले, पान वाढलं, ओट्याच्या कठड्यावर ठेवलं. (कावळा आला नाही. खार आली.) पण पन्नास वर्षं मी अण्णांना पान वाढते आहे ते 'पोटाच्या विकारानं गेलेल्या' माणसाला. यंदा पहिल्यांदा खऱ्या अण्णांना वाढलं असं मला वाटलं. बहिणीला हे पटेल असा माझा आग्रह नाही.

तिचा फोन आला चार दिवसांनी. आधी इकडचं तिकडचं, गुडघे, नवरात्र. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, कडू असते का गं?"

"शेवटी थोडी."

पुन्हा गप्प. मग म्हणाली, "अण्णांच्या तोंडाला यायचा तसा वास येतो?"

"नाही गं. तसा नाही."

त्यानंतर आम्ही दीड तास बोललो, नुसतं अण्णांबद्दल. तिला तो हरभऱ्याचा डबा आठवत होता, हे मला या वयात कळलं. मला वाटत होतं ती तेव्हा फार लहान होती. कापणारा हात तिनंही पाहिला होता. फोन ठेवताना ती म्हणाली, "फोटो काढून टाक असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी पक्ष संपल्यावर." हे मात्र मी कबूल केलं आहे.

उरलेल्या बाटल्या आता स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, दुधाशेजारी आहेत. मी नोव्हेंबरात परत येते आहे. वहिनी, हे वाचत असाल तर एक फोन करा.